समुद्राच्या पाण्यातली अत्यल्प सेंद्रिय रसायनं इलेक्ट्रोडवर कशी मोजायची: बडोद्यातल्या नवशिक्यांसाठी

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोद्याचं सांडपाणी समुद्रालाच मिळतं. नंदेसरी आणि आसपासच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी साधारण ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ खंभातच्या आखातात सोडलं जातं. त्यामुळे इथे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ‘समुद्राच्या पाण्यातले फिनॉल’ किंवा ‘औषधांचे अंश’ असा विषय वाट्याला आला तर नवल नाही. विषय मिळाला की माणूस शोधनिबंध वाचायला घेतो. सगळीकडे तेच: नवा इलेक्ट्रोड, देखणं शिखर, नॅनोमोलरची मर्यादा. मग खरं पाणी बीकरमध्ये ओतलं की आलेखावर काहीच दिसत नाही.

हा लेख त्या दिवसासाठी आहे. तुमचं बी.एस्सी.पर्यंतचं रसायनशास्त्र झालेलं आहे आणि विभागात पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला हवं ते व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे, एवढं मी धरून चालतो. यंत्र चालवणं दोन दिवसांत येतं. वेळ खातं ते पाणी, आणि म्हणून या लेखातही जास्त जागा पाण्यालाच दिली आहे.

पद्धत थोडक्यात अशी: काम करणाऱ्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज हळूहळू बदलत न्यायचं. ठरावीक व्होल्टेजला रसायनाचं ऑक्सिडेशन किंवा रिडक्शन होतं, तिथे करंट वाढतो आणि आलेखावर शिखर उमटतं. शिखराची जागा रसायन कोणतं असावं ते सुचवते, उंची ते किती आहे ते सांगते. ‘सुचवते’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

१. एकच रसायन निवडा, आणि प्रश्न आकड्यात मांडा

‘सेंद्रिय प्रदूषकं शोधणार’ असं म्हणून चालत नाही. सुरुवात पॅरासिटामॉलने करा. ते शुद्ध स्वरूपात स्वस्त मिळतं, हाताळायला फारसं धोक्याचं नाही, कार्बनच्या इलेक्ट्रोडवर त्याचं शिखर स्वच्छ येतं, आणि किनाऱ्याच्या पाण्यात औषधांचे अंश शोधणारे लोक त्याच्याकडे खरोखर बघतात. औषधाच्या गोळ्या कुटून द्रावण करू नका, त्यातला स्टार्च आणि बाकीची भर इलेक्ट्रोडवर बसते.

फिनॉल नवशिक्याला त्रास देतं. ऑक्सिडेशन होताना त्याचे मूलक एकमेकांना जोडले जातात आणि इलेक्ट्रोडवर वीज वाहून न नेणारा पातळ थर बसतो. पहिलं शिखर छान, दुसरं अर्धं, तिसरं गायब. ४-नायट्रोफिनॉलचं ऑक्सिडेशन फार पुढच्या व्होल्टेजला होतं, जिथे समुद्राचं पाणी स्वतःच गोंधळ घालतं. म्हणून ते रिडक्शनने मोजतात, आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन आधी हाकलावा लागतो. हे दोन्ही नंतर करा.

आता आकडे. फिनॉलजन्य संयुगांसाठी किनारी समुद्रात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तीच ०.००१ मिलिग्रॅम आहे. फिनॉलच्या हिशेबाने पहिला आकडा सुमारे ५३ मायक्रोमोलर होतो आणि दुसरा सुमारे ११ नॅनोमोलर. पहिला साध्या इलेक्ट्रोडवर आरामात मोजता येतो. दुसऱ्यासाठी पाणी शेकडो पट दाट करावं लागतं. तुमचा प्रश्न यांपैकी कुठल्या टोकाचा आहे हे मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते.

२. सामान जमवा

• पोटेन्शिओस्टॅट, आणि त्यावर डिफरन्शियल पल्स व स्क्वेअर वेव्ह या दोन्ही पद्धती (व्होल्टेज ठोक्याठोक्याने बदलत नेण्याच्या)
• ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड
• सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड, आत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड असलेला
• प्लॅटिनमची तार, तिसरा म्हणजे पूरक इलेक्ट्रोड म्हणून
• १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनची ॲल्युमिना पावडर, घासायचं कापड
• तपकिरी काचेच्या एक लिटरच्या बाटल्या, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर
• काचतंतूचे ०.७ मायक्रॉनचे फिल्टर, काचेचं गाळणयंत्र
• मायक्रोपिपेट, पीएच मीटर, क्षारता किंवा वाहकता मोजायचं मीटर
• रिडक्शन करणार असाल तर नायट्रोजनचं सिलिंडर
• पाणी दाट करायचं असेल तर एचएलबी प्रकारची कार्ट्रिज (सेंद्रिय रसायनं धरून ठेवणाऱ्या पदार्थाने भरलेली छोटी नळी) आणि व्हॅक्यूम पंप

कागदपत्रांत विभागाचं पत्र, ओळखपत्र, नमुन्यांची वही आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. हे वेळापत्रक सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी छापतं.

संदर्भ इलेक्ट्रोड रात्री डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये असतात. त्याचं टोक नेहमी ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून ठेवायचं.

३. इलेक्ट्रोड घासा आणि त्याची परीक्षा घ्या

आधी १, मग ०.३, शेवटी ०.०५ मायक्रॉनची ॲल्युमिना. कापडावर पाण्याचे थेंब टाकायचे, इलेक्ट्रोड सरळ उभा धरायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. दाब अगदी हलका हवा. प्रत्येक पावडरीनंतर भरपूर पाण्याने धुवा, शेवटी मिनिटभर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरा. पावडरींची कापडं वेगवेगळी ठेवा. जाड पावडरीचा एक कण बारीकच्या कापडावर गेला तरी घासलेलं वाया जातं.

मग ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १ मिलिमोलर पोटॅशियम फेरीसायनाइड घेऊन सायक्लिक व्होल्टामेट्री करा, म्हणजे व्होल्टेज एकदा पुढे आणि मग मागे न्या. जाताना-येतानाच्या दोन शिखरांतलं अंतर तत्त्वतः ५९ मिलिव्होल्टच्या आसपास असतं. हाताने घासलेल्या ग्लासी कार्बनवर ८० च्या आत आलं तर पुढे जा. १०० च्या वर गेलं तर पुन्हा घासा. उंचीचाही हिशेब आहे: ३ मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने, शिखराचा करंट साधारण १६ ते १७ मायक्रोअँपिअर यायला हवा. निम्माच आला तर पृष्ठभाग घाण आहे किंवा जोडणी सैल आहे. ही चाचणी रोज सकाळी करायची आणि आलेख त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की ‘त्या दिवशी इलेक्ट्रोड ठीक होता कशावरून’, तर उत्तर तयार असतं.

फेरीसायनाइडचं उरलेलं द्रावण तीव्र आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका. त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो. त्याची बाटली वेगळी.

४. आधी खोटा समुद्र तयार करा

खऱ्या पाण्याकडे धावायच्या आधी कृत्रिम समुद्राच्या पाण्यात सराव करा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ११४१ या मानकातली कृती अशी, सगळे आकडे लिटरला ग्रॅममध्ये: सोडियम क्लोराइड २४.५३, मॅग्नेशियम क्लोराइड ५.२०, सोडियम सल्फेट ४.०९, कॅल्शियम क्लोराइड १.१६, पोटॅशियम क्लोराइड ०.६९५, सोडियम बायकार्बोनेट ०.२०१, पोटॅशियम ब्रोमाइड ०.१०१, शिवाय बोरिक आम्ल, स्ट्रॉन्शियम क्लोराइड आणि सोडियम फ्लोराइड चिमूटभर. वजनं निर्जल क्षारांची आहेत. बाटलीवर पाण्याचे रेणू जोडलेला मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर हिशेब बदला, तो सहसा तसाच येतो.

हे पाणी म्हणजे आयता इलेक्ट्रोलाइट. नदीच्या पाण्यात क्षार घालावा लागतो, इथे तो फुकट मिळतो. पण त्याच क्षारांत तीन सापळे आहेत.

पहिला सापळा फॉस्फेट बफरचा. जैविक नमुन्यांवर काम केलेल्या कोणाकडून तुम्ही कृती घेतली, की त्यात पीएच ७ चं फॉस्फेट बफर असतं. ते समुद्राच्या पाण्यात ओतलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटचा दुधाळ साका येतो. तो इलेक्ट्रोडवर बसतो आणि शिखर रोज वेगळं येतं. त्याऐवजी १ मोलर ॲसिटेट बफर वापरा, पीएच ४.७ च्या आसपास: १८ मिलिलिटर पाणी, २ मिलिलिटर बफर. आम्लधर्मी पाण्यात साका पडत नाही आणि पॅरासिटामॉलचं शिखर साधारण ०.४ ते ०.६ व्होल्टच्या दरम्यान मिळतं.

दुसरा सापळा ब्रोमाइडचा, आणि हा फार कमी लोक सांगतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. व्होल्टेज ०.९ च्या पुढे नेलं की त्याचं ब्रोमीन व्हायला लागतं, आणखी पुढे क्लोराइडचं क्लोरीन. हे दोघं नुसती पार्श्वभूमी वाढवून थांबत नाहीत. ते फिनॉलसारख्या रेणूंवर तुटून पडतात आणि तुम्ही मोजायच्या आधीच तुमचं रसायन बदलून टाकतात. म्हणून स्कॅन ०.८ व्होल्टला थांबवा. ‘बघूया तरी पुढे काय दिसतं’ हा मोह त्याच बीकरमध्ये नको.

तिसरा सापळा छापील इलेक्ट्रोडच्या पट्ट्यांचा, म्हणजे ज्यांच्यावर तिन्ही इलेक्ट्रोड एकत्र छापलेले असतात त्यांचा. त्यांच्यावरचा संदर्भ नुसत्या चांदीचा किंवा उघड्या सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडचा असतो, आणि त्याचं व्होल्टेज पाण्यातल्या क्लोराइडवर अवलंबून असतं. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधून समुद्राच्या पाण्यात, म्हणजे सुमारे ०.५५ मोलर क्लोराइडमध्ये गेलात तर शिखर सुमारे ४० मिलिव्होल्ट सरकलेलं दिसतं. रसायन तेच असतं. खंभातच्या आखातात नदीमुखाशी भरतीचं पाणी खारट आणि ओहोटीचं मचूळ, त्यामुळे एकाच जागच्या दोन नमुन्यांतही शिखर हलू शकतं. म्हणून प्रत्येक नमुन्याची क्षारता मोजणं सक्तीचं आहे.

५. पाणी आणायला जाताना

बडोद्याहून सोयीची जागा म्हणजे कावी-कंबोई. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीच्या पाण्याखाली जातं ते तिथेच, त्यामुळे रस्ता आणि वर्दळ दोन्ही आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी आहे. भावनगरच्या बाजूला तो दहा मीटरपर्यंत जातो. पाणी चढतं ते वेगाने, आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल माणसाला गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहिली खेप करू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी त्या मानाने शांत असतं. एकट्याने जायचं नाही, आणि स्थानिक माणूस ‘आता मागे फिरा’ म्हणाला की वाद न घालता फिरायचं.

सांडपाणी वाहिनीच्या मुखाशी नमुना घ्यायचा असेल तर लेखी परवानगी आधी. बाटल्या घेऊन कुंपणाशी घुटमळणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे कोणी चहा पाजत नाही.

बाटल्या काचेच्याच. प्लास्टिकमधून बिस्फेनॉल आणि थॅलेट पाण्यात उतरतात, आणि उलट पाण्यातली काही रसायनं प्लास्टिकला चिकटतात. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग गळ्यापर्यंत भरा, हवेचा बुडबुडा ठेवू नका. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, तापमान, पीएच आणि क्षारता तिथल्या तिथे वहीत. एक बाटली लॅबमधल्या शुद्ध पाण्याने भरून सोबत न्या, किनाऱ्यावर उघडा, बंद करा आणि परत आणा. ही कोरी बाटली. तिच्यात शिखर दिसलं तर प्रदूषण समुद्रातलं नसून तुमच्या सामानातलं आहे. हातावरचं मलम, सनस्क्रीन, डासांचं क्रीम, सगळं तिच्यात पकडलं जातं.

बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास आणायचं. फिनॉलसाठी पाणी सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेतात. तेव्हा बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून झाकण लगेच घट्ट लावू नका. पॅरासिटामॉलसाठी थंड ठेवून लवकर मोजणं पुरे.

६. गाळा

कंबोईचं पाणी रंगाने चहासारखं असतं. थेट गाळायला गेलात तर फिल्टर पन्नास मिलिलिटरलाच बंद पडतो. रात्रभर फ्रिजमध्ये निवळू द्या किंवा सेंट्रिफ्यूज करा, मग वरचं पाणी गाळा. काचतंतूचे फिल्टर आधी ४५० अंशांवर भट्टीत चार तास भाजून घ्या, त्यांच्यावरची सेंद्रिय घाण जळून जाते. गाळल्यावर तुम्ही फक्त विरघळलेला भाग मोजत आहात, गाळाला चिकटलेला नाही. अहवालात हे वाक्य लिहावं लागेल, आत्ताच वहीत लिहून ठेवा.

७. मोजा

पॅरासिटामॉलचं १० मिलिमोलर द्रावण करा: १५१ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये. त्यातून १ मिलिमोलरचं रोज ताजं.

डिफरन्शियल पल्ससाठी सुरुवातीच्या सेटिंग्ज: ० ते ०.८ व्होल्ट, पल्स ५० मिलिव्होल्ट, पायरी ५ मिलिव्होल्ट, पल्सची वेळ ५० मिलिसेकंद. ऑक्सिडेशनच्या बाजूला नायट्रोजनची गरज नाही. रिडक्शन करत असाल तर १० ते १५ मिनिटं सोडा आणि मोजताना नळी पाण्याच्या वर उचलून धरा, बुडबुड्यांत आलेख थरथरतो.

प्रत्येक नमुन्याआधी नुसत्या कृत्रिम समुद्राचा आलेख. प्रत्येक मोजणी तीनदा, मध्ये इलेक्ट्रोड घासून. खऱ्या पाण्यातला ह्युमिक (कुजलेल्या जैविक अवशेषांतून आलेला) पदार्थ आणि शेवाळाचा चिकटा कार्बनवर हळूहळू बसतो, म्हणून न घासता घेतलेली ओळीने तीन मापं उतरत्या क्रमाने येतात. ती उतरंड म्हणजे चिकटा, रसायनाचा ऱ्हास नव्हे.

८. स्टँडर्ड ॲडिशन: याला पर्याय नाही

शुद्ध पाण्यात कॅलिब्रेशनची रेष काढायची आणि समुद्राच्या नमुन्याचा करंट तिच्यावर ठेवून आकडा वाचायचा, ही सर्रास केली जाणारी चूक आहे. दोन्ही पाण्यांत त्याच रसायनाचा करंट सारखा येत नाही. आमटीत मीठ किती ते ओळखायचं तर त्याच आमटीत चिमूट-चिमूट घालून चाखावं लागतं, दुसऱ्या पातेल्यातल्या आमटीवरून कळत नाही.

समजा सेलमध्ये १८ मिलिलिटर नमुना आणि २ मिलिलिटर बफर आहे. आधार रेषा वजा करून शिखर ०.४२ मायक्रोअँपिअर आलं. आता १ मिलिमोलर द्रावणाचे २० मायक्रोलिटर घाला, सांद्रता १ मायक्रोमोलरने वाढते. करंट ०.६३. पुन्हा २०, करंट ०.८४. पुन्हा २०, १.०५. म्हणजे प्रत्येक मायक्रोमोलरला ०.२१. रेष मागे ताणली की ती २ मायक्रोमोलरला अक्ष छेदते. बफरने नमुना पातळ झाला होता, म्हणून २० भागिले १८ ने गुणा: २.२ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला सुमारे ३३६ मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात बिंदू इतके शहाण्यासारखे एका रेषेत बसत नाहीत, पण हिशेब हाच.

या पद्धतीची मर्यादाही माहीत असू द्या. नमुन्यामुळे रेषेचा चढ बदलला तर ती सावरून घेते. पण त्याच व्होल्टेजला शिखर देणारं दुसरंच रसायन पाण्यात असेल तर ती आंधळी आहे. त्याचा करंटही पॅरासिटामॉलच्या खात्यात जमा होतो. हायड्रोक्विनोन आणि कॅटेकोलच्या जातीची बरीच संयुगं याच टापूत येतात. म्हणून सुरुवातीला ‘सुचवते’ म्हटलं. एक स्वस्त तपासणी आहे: पीएच एकने वाढवला की पॅरासिटामॉलचं शिखर सुमारे ५९ मिलिव्होल्ट मागे सरकतं. नमुन्यातलं आणि घातलेलं शिखर वेगवेगळं सरकलं, किंवा भर घालताच शिखराला खांदा फुटला, तर ते दुसरं काहीतरी आहे. ५९ ने सरकलं म्हणून मात्र ते पॅरासिटामॉलच, असं सिद्ध होत नाही. हायड्रोक्विनोनही तितकंच सरकतं. पक्की खात्री एचपीएलसीवरच, म्हणजे रसायनं आधी एकमेकांपासून वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर.

९. सांद्रता फारच कमी असेल तर

मोकळ्या समुद्रात ही रसायनं बहुधा नॅनोमोलर किंवा त्याहून खाली असतात. साध्या ग्लासी कार्बनवर काही दिसणार नाही. इथे बहुतेक जण ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब वगैरे लावलेल्या इलेक्ट्रोडकडे वळतात. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रकल्पाला ते करू नका. शुद्ध बफरमध्ये मिळालेली मर्यादा समुद्राच्या पाण्यात टिकतेच असं नाही, आणि दर खेपेला थर सारखा बसवणं हाच एक वेगळा प्रबंध होतो.

त्यापेक्षा पाणी दाट करा. एचएलबी कार्ट्रिजमधून ५ मिलिलिटर मेथनॉल, मग ५ मिलिलिटर शुद्ध पाणी, मग गाळलेला ५०० मिलिलिटर नमुना, मिनिटाला ५ ते १० मिलिलिटर वेगाने. पुन्हा ५ मिलिलिटर पाण्याने धुवा म्हणजे मीठ जातं. कोरडं करा, मेथनॉलने रसायन उतरवा, नायट्रोजनच्या मंद झोतात मेथनॉल उडवा आणि १ मिलिलिटर इलेक्ट्रोलाइटमध्ये घ्या. तत्त्वतः ५०० पट. मेथनॉल पूर्ण उडायलाच हवं, नाहीतर करंट बदलतो. आणि १ मिलिलिटरमध्ये तीन इलेक्ट्रोडचा मोठा सेल बुडत नाही, तेव्हा छापील पट्टी किंवा लहान सेल आधीच मागवून ठेवा.

१०. आकडा लिहिण्यापूर्वी

शोधमर्यादा (रसायन आहे असं म्हणता येईल अशी सर्वांत कमी सांद्रता) काढताना कोऱ्या नमुन्याची किमान दहा मापं घ्या. त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले रेषेचा चढ. हा चढ समुद्राच्या पाण्यातला घ्या. दहापट घेतली की परिमाण मर्यादा, म्हणजे जिच्या वर आकडा विश्वासाने देता येतो. नमुन्याचा आकडा या दोहोंच्या मध्ये पडला तर ‘आढळलं, पण मोजण्याइतकं नाही’ असं लिहायचं.

मग पुनर्प्राप्ती. नमुन्यात माहीत असलेली भर घालून, गाळण्यापासूनच्या सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि किती टक्के परत मिळतं ते बघा. ८० ते १२० टक्के सर्वसाधारणपणे चालतं. कार्ट्रिज वापरली असेल तर हा आकडा खाली यायची तयारी ठेवा. तो ६० आला आणि प्रत्येक वेळी ६० च आला, तर त्याच्याशी काम करता येतं. एकदा ४०, एकदा ९० असेल तर पहिला संशय कार्ट्रिजमधून पाणी जाण्याच्या वेगावर घ्या, दुसरा नमुना संपायच्या आधी कार्ट्रिज कोरडी पडली का यावर.

अहवालात क्षारता, पीएच, संदर्भ इलेक्ट्रोडचा प्रकार, पाण्याची भरती-ओहोटीतली वेळ, कोऱ्या बाटलीचा आलेख आणि न घासता घेतलेल्या मापांची उतरंडही जोडा. परीक्षक बहुधा पहिलाच प्रश्न त्या कोऱ्या बाटलीवर विचारतात.